नऊच कशामुळं?

"सर, मला नऊच कशामुळं?"

माणदेशातून रोज एसटीनं येणारा मुलगा होता. वीस गुणांची चाचणी, त्यात नऊ. मी उत्तरपत्रिका हातात घेतली, पानं उलटली. समासात लाल आकडे होते, दोन, तीन, चार. पण दोनाचे तीन का झाले नाहीत, हे मलाच सांगता येईना. शेवटी म्हणालो, "मुद्दे कमी पडलेत." त्यानं विचारलं, "कुठले?" मग मी तेच म्हणालो जे अशा वेळी सगळे म्हणतात, "अभ्यास वाढव जरा." तो "बरं सर" म्हणून गेला.

संध्याकाळी मी त्याची उत्तरपत्रिका आणि वर्गात पहिल्या आलेल्या मुलीची उत्तरपत्रिका शेजारीशेजारी ठेवली. एका प्रश्नात दोघांनी तेच चार मुद्दे लिहिले होते. तिचं अक्षर वळणदार, मुद्द्यांखाली रेघा. तिला चार, याला दोन. मी पक्षपात केला नव्हता, निदान ठरवून तरी नाही. मी फक्त काय तपासतोय हे तपासायला बसण्याआधी ठरवलं नव्हतं.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्यानंतर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शिकवताना, कॅपला, म्हणजे केंद्रीय मूल्यांकनाला, बसताना आणि बहिस्थ परीक्षक म्हणून फिरताना जे कळलं ते इथं मांडतो. नव्यानं लागलेल्या, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आणि पहिल्यांदाच स्वतः पेपर काढणाऱ्या सहकाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पूर्वी एक सोय होती. 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं, तेव्हापासून कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांचे मुख्य पेपर तिकडून यायचे आणि निकालही तिकडूनच लागायचा. मुलाची तक्रार आली की बोट कोल्हापूरकडे दाखवायचं. आता ते बोट आपल्याकडेच वळलंय. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट स्वायत्त आहेत. साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स मिळून 2021 पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ उभं आहे. राज्यात नवं शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 ला आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 ला आलं. चाचणी, सेमिनार, प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग या सगळ्याचे गुण आता शिकवणाराच देतो. शिकवणाराच परीक्षक असणं हे चांगलंच आहे, मुलाला काय येतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण मग "कशामुळं?" याचं उत्तरही त्याच्याचकडे असायला हवं.

आपण एकटेच चुकतो असं समजू नका. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी 1912-13 साली एक साधा प्रयोग केला. भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभरावर शिक्षकांकडे पाठवल्या. शंभरपैकी गुण आले 28 पासून थेट 90 च्या वर. आणि हा विषय भूमिती! जिथं उत्तर बरोबर किंवा चूक असतं असं आपण छातीठोकपणे म्हणतो. कुणी पायऱ्यांना गुण दिले, कुणी फक्त उत्तराला, कुणी गबाळेपणाचे कापले. प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी, आणि ती प्रत्येकाच्या मनात. कागदावर एकाचीही नाही.

तेव्हा पहिलं काम हे, की प्रश्न ज्या दिवशी काढाल त्याच दिवशी त्याची गुणविभागणी लिहा. पेपर झाल्यावर नाही. कॅपला छापील 'मॉडेल आन्सर' मिळतं ते वेगळं. त्यात बहुतेक वेळा पुस्तकातली दोन पानं उतरवलेली असतात आणि दहा गुण कसे द्यायचे यावर एक ओळ नसते. गुणविभागणी लिहायला बसलात की एक गंमत होते, निम्म्या वेळा प्रश्नच बदलावा लागतो. 'सविस्तर लिहा', 'माहिती द्या', 'चर्चा करा' ही क्रियापदं इतकी ढिली असतात की त्यांच्यात काहीही मावतं.

भूगोलाचं एक उदाहरण घेऊ. मी काढलेला जुना प्रश्न असा होता: 'कृष्णा नदीच्या पुराविषयी सविस्तर माहिती लिहा. (10)' याची विभागणी करायला गेलो आणि अडकलो. कुणी नदीच्या उगमापासून सुरुवात करेल, कुणी मदतकार्याचं वर्णन करेल, कुणी उपाय सांगेल. सगळंच 'माहिती' आहे. मग मला नक्की काय पाहायचंय? मुलाला पूर कसा येतो ते कळलंय का, हे. म्हणून प्रश्न असा केला:

'ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेले. (अ) पाणी चढण्याची कोणतीही तीन कारणे सांगा आणि प्रत्येक कारणाने पातळी कशी वाढते ते स्पष्ट करा. (6) (आ) यांपैकी तुमच्या मते सर्वांत मोठे कारण कोणते? पुरावा द्या, आणि तुमच्याशी असहमत असणारा काय म्हणेल तेही लिहा. (4)'

विभागणी: प्रत्येक कारणाला एक, त्या कारणाचा पाण्याशी संबंध जोडला तर आणखी एक. असे सहा. दुसऱ्या भागात पुराव्याला दोन, विरुद्ध बाजूला दोन. कुठलं कारण निवडलं याला गुण नाहीत. अक्षराला नाहीत. शुद्धलेखनाला नाहीत. पानांच्या संख्येला तर नाहीतच.

आता तीन उत्तरं पाहा. मी अशी शेकड्यांनी वाचली आहेत, त्यांतूनच ही जुळवली.

पहिलं उत्तर चार पानांचं. अक्षर मोत्यासारखं. पूर म्हणजे काय, याची व्याख्या. मग कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, तिची लांबी सुमारे 1,400 किलोमीटर. मग अतिवृष्टी, जंगलतोड, अतिक्रमण, जागतिक तापमानवाढ, धरणातील विसर्ग, गाळ, अशी सहा कारणं, प्रत्येकी एक ओळ. शेवटी 'अशा प्रकारे पूर हे एक मोठे संकट आहे'. असं उत्तर समोर आलं की हात आपोआप आठ लिहितो. विभागणी लावा: तीन कारणांचे तीन. विसर्गाबद्दल 'कोयनेतून पाणी सोडल्याने नदीत पाणी वाढले' असं आहे, म्हणून जोडणीचा एक. दुसऱ्या भागाला हातच लावलेला नाही. एकूण चार.

दुसरं उत्तर दीड पानाचं. मुलगा नदीकाठचा, भिलवडीच्या बाजूचा असावा. 'ण' आणि 'न' यांच्यात त्याला फरक दिसत नाही. पण तो लिहितो, की पाणी नुसतं वरनं आलं नाही, खालनं फुगलं. कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा मिळते, आणि पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. पंचगंगाच भरून वाहत होती, मग कृष्णेला पुढं जागा कुठली, पाणी मागं दबलं. कोयनेचं धरण 105 टीएमसीचं, ते भरत आल्यावर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि नेमका तेव्हाच खाली पाऊस सुरू होता. पूररेषेच्या आत घरं झाली, पाण्याला पसरायला रान उरलं नाही, म्हणून ते उंच चढलं. पहिल्या भागाला सहापैकी सहा, बिनबोभाट. दुसऱ्या भागात मात्र तो तापतो. सगळा दोष खालच्या अलमट्टी धरणाचा, कर्नाटकानं दरवाजे लावून धरले, आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं.

इथं परीक्षकाची परीक्षा असते. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलं नव्हतं. नदीकाठच्या अनेकांना ते आजही पटलेलं नाही. माझं स्वतःचं मत समितीच्या बाजूचं. म्हणून या मुलाला शून्य द्यायचं का? मतासाठी गुण ठेवलेलेच नाहीत. पुरावा काय दिला, हे पाहायचं. घरातलं पाणी हा पूर आल्याचा पुरावा झाला, अलमट्टीमुळं आल्याचा नाही. पण 'खालचं पाणी सरकत नव्हतं' हे त्याचं निरीक्षण मुद्द्याशी लागू आहे. त्याला एक. विरुद्ध बाजू लिहिलीच नाही, तिथं शून्य. एकूण सात. आणि समितीच्या बाजूनं लिहिणाऱ्या मुलानंही नुसतं 'समितीने म्हटले आहे' एवढ्यावर भागवलं असेल, तर त्यालाही एकच.

तिसरं उत्तर आठ ओळींचं. मुलगी जत तालुक्याच्या पूर्व भागातली, घरी कन्नड बोलतात. तिच्या गावानं पूर पाहिला नाही, टँकर पाहिलेत. मराठी वाक्यं तुटक. पण तिनं एक आकृती काढली आहे. नदीची रेघ, तिला मिळणाऱ्या तीन उपनद्या, खालच्या संगमापाशी उलटा बाण आणि बाणाखाली 'पाणी थांबते'. वर धरण, तिथून दुहेरी बाण. मी थबकलो, कारण माझ्या विभागणीत आकृतीचा उल्लेखच नव्हता. 'स्पष्ट करा' म्हटलं होतं, 'वाक्यात स्पष्ट करा' असं म्हटलं नव्हतं. तो उलटा बाण म्हणजे स्पष्टीकरणच की! तिला पहिल्या भागात पाच मिळाले. दुसऱ्यात तिनं दोन ओळींत दोन्ही बाजू मांडल्या होत्या, त्याचे दोन. तिचेही सात.

चार, सात, सात. नुसत्या अंदाजानं दिले असते तर आठ, पाच, चार झाले असते, पैजेवर सांगतो.

तिसऱ्या उत्तरानं आणखी एक गोष्ट करायला लावली. विभागणीत 'आकृतीतून दाखवलेला संबंध ग्राह्य' अशी ओळ घातली आणि आधी तपासलेल्या उत्तरपत्रिका परत काढल्या. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. म्हणूनच गठ्ठ्यातल्या आठ-दहा उत्तरपत्रिका आधी नुसत्या वाचाव्यात, हातात लाल पेन न घेता. मुलं काय काय करू शकतात याचा अंदाज आपल्याला कधीच पुरा नसतो. विभागणी तिथं दुरुस्त करायची, मग कुलूप.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात जरा जास्तच महत्त्वाचा आहे. भाऊराव पाटलांनी 1919 साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली ती ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिल आली नव्हती त्यांच्यासाठी. आज त्या मुलांची नातवंडं-पतवंडं शिकतात, पण वर्गात अजूनही घरातून कॉलेजात आलेलं पहिलंच माणूस असं कुणी ना कुणी बसलेलं असतं. 'व्हतं', 'गेलतं' असं लिहिणाऱ्याला इतिहास येत नाही, असं होत नाही. मराठी विषयाच्या पेपरात भाषेला गुण असावेतच, दहात दोन, तीन, जे काय असतील ते. पण ते आधी सांगून. रसायनशास्त्राच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घासाठी अर्धा गुण कापणारे सहकारी मी पाहिलेत. त्यांना विचारलं की म्हणतात, "सवय लागायला हवी ना!" सवय लावा की, चुकीखाली रेघ मारा. गुण कशाला कापता?

विभागणी झाली, आता तपासणी. काही गोष्टी नुसत्या हाताच्या सवयीच्या आहेत.

एक उत्तरपत्रिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासू नका. सगळ्यांचा पहिला प्रश्न आधी, मग सगळ्यांचा दुसरा. पहिलं उत्तर झकास असलं की पुढच्या सामान्य उत्तरालाही आपण झुकतं माप देतो. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं 1920 मध्येच दाखवलं होतं की माणसाच्या एका गुणाचं तेज आपल्याला त्याच्या बाकीच्या गुणांवरही दिसायला लागतं. प्रश्नवार तपासलं की हे बरंच आटोक्यात येतं. दर प्रश्नानंतर गठ्ठा पिसायचा, म्हणजे नेहमी तोच बिचारा आपल्या दमलेल्या डोळ्यांच्या वाट्याला येणार नाही. नाव दिसू नये म्हणून पहिलं पान मागं दुमडून ठेवायचं. साठ मुलांच्या वर्गात अक्षरावरून मुलं ओळखू येतात हे खरं, तरी दुमडा. आडनाव दिसल्याबरोबर मनात जे काही हलतं ते आपण कुणाला सांगत नाही, पण हलतं.

गठ्ठ्यातल्या पाच उत्तरपत्रिका विषयातल्या दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या, त्याला आपले आकडे न दाखवता. दहापैकी दोनपेक्षा जास्त फरक पडला तर चहा मागवा आणि बोला. चूक बहुतेक वेळा विभागणीतल्या एखाद्या ढिल्या शब्दात सापडते. आणि बेरीज दुसऱ्याकडूनच करून घ्या. फोटोकॉपी मागवून गुण वाढलेल्या प्रकरणांत मी जेवढी पाहिली त्यांत न तपासलेलं पान आणि चुकलेली बेरीज याच दोन गोष्टी पुन्हापुन्हा होत्या.

वस्तुनिष्ठ प्रश्नांचं काम सोपं वाटतं, पण तिथं चूक झाली तर ती एकदम साठ जणांच्या माथी बसते. निकालानंतर दहा मिनिटं काढा. साठ मुलं असतील तर सर्वांत वरची सोळा आणि सर्वांत खालची सोळा घ्या. एखादा प्रश्न वरच्या चौदा जणांना आणि खालच्या पाच जणांना आला, तर प्रश्न चोख आहे. दोन्हीकडं सारखाच आला, तर त्यानं काहीच मोजलं नाही. आणि वरच्या चौघांना, खालच्या दहा जणांना आला, तर मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची उघडा. ती चुकलेली असण्याची शक्यता दाट. तसं निघालं तर गुण सगळ्यांचे दुरुस्त करायचे. जो ओरडत आला त्याच्या एकट्याचे वाढवून मिटवायचं नाही.

आता अंतर्गत गुणांकडे येतो. खरं दुखणं तिथं आहे.

कुठल्याही कॉलेजचं अंतर्गत गुणांचं पान उघडा. वीसपैकी सतरा, अठरा, अठरा, सतरा, एकोणीस, अठरा. साठ मुलांचा वर्ग आणि गुणांचे आकडे तीनच. मुलाचं कल्याण म्हणून आपण हे करतो, आणि निकालाचा टक्का वर दिसतो म्हणून वरचेही खूश असतात. पण ज्या मुलीनं तीन आठवडे खपून तासगावच्या बेदाणा शेडवर जाऊन प्रकल्प केला तिला अठरा, आणि ज्यानं गेल्या वर्षीच्या फायलीचं मुखपृष्ठ बदललं त्याला सतरा. त्या एका गुणाच्या फरकातून तिला जे कळायचं ते कळतं. पुढच्या वर्षी तीही मुखपृष्ठ बदलते.

यावर माझा उपाय साधा आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात वीस गुण कशाकशाचे ते फळ्यावर लिहायचं आणि वर्गात लावून ठेवायचं. प्रत्येक टप्पा झाला की आठ दिवसांत हजेरी क्रमांकानुसार गुण लावायचे. सगळे गुण शेवटच्या दिवशी एकदम भरायचे नाहीत. याचा एक छुपा फायदा आहे, फोन कमी येतात. "सर, जरा बघा, आपल्यातलाच पोरगा हाय," असा फोन कुणाला आलेला नाही? कधी तो संस्थेतल्या माणसाचा असतो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला असा फोन मोडणं किती जड जातं, त्याची पुढच्या वर्षीची नेमणूक कुणाच्या हातात असते, हे मी सांगायला नको. पण आकडे आधीच भिंतीवर असले की "सर, लावून झालेत," एवढं म्हणता येतं. विभागप्रमुखांनी हा नियम सगळ्या विभागाला लावला तर एकट्या शिक्षकावर दबाव येत नाही. तो त्यांनी लावावा, ही विनंती.

हजेरीचे गुण हा माझ्या नावडीचा प्रकार. हजर राहणं हे शिकणं नव्हे. जिथं नियमच तसा आहे तिथं तेवढे द्या, पण चाचणीच्या गुणांत हजेरीचा राग मिसळू नका. आटपाडी, माण, खटाव, जतकडून येणाऱ्यांचं वेळापत्रक एसटी ठरवते. शेवटची गाडी चुकू नये म्हणून साडेचारच्या तासाला उठणारी मुलगी बेफिकीर नसते. 'कमवा आणि शिका'तला मुलगा सकाळी काम करून वर्गात पेंगतो. छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 ला या योजनेच्या पायावर निघालं, म्हणजे असा विद्यार्थी आपल्याकडे अपवाद म्हणून आलेला नाही, त्याच्यासाठी तर दार उघडलं होतं. त्याला गुणांत सवलत नको. सबमिशनची तारीख त्याला महिनाभर आधी कळली पाहिजे, परवा सांगून आज सबमिशन मागायचं नाही. इतकंच.

चाचणी बुडाली तर काय, हेही आधी ठरवा. 2019 ला आणि पुन्हा जुलै 2021 ला पुरात गावं अडकली, तेव्हा बऱ्याच जणांना हे ऐनवेळी ठरवावं लागलं. तीन चाचण्यांत एखाद्याला 14, 16 आणि एकदा गैरहजर म्हणून शून्य. सरासरी काढली तर 10, आणि तो आकडा त्या मुलाबद्दल काहीच खरं सांगत नाही. उत्तम दोन धरल्या तर 15. तीनपैकी दोन धरायची पद्धत सगळ्यांना सारखी लावली की अर्ज, दाखले, रडारड निम्मी होते. फेरचाचणी घ्यायचीच तर प्रश्न वेगळे, विभागणी तीच. फेरचाचणी मुद्दाम अवघड काढून 'धडा शिकवण्याची' हौस आवरा.

तोंडी परीक्षेत पुरावा उरत नाही, म्हणून तिथं अन्याय सर्वांत सोपा. प्रत्येकाला विचारायचे तीन प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा, सारख्या काठिण्याचे. उत्तर आलं की तिथंच गुण मांडा, बॅच संपल्यावर चेहरे आठवत नाहीत. घाबरून गप्प झालेल्या मुलाला पाणी द्या आणि तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारा. बहिस्थ परीक्षक म्हणून मी इतका फिरलो की एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो: जेवण आणि शेवटची बॅच यांचा जवळचा संबंध आहे. पुरणपोळीनंतरच्या बॅचचे गुण सकाळच्या बॅचशी ताडून पाहिल्याशिवाय सही करू नये.

घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचं तर आता विचारायलाच नको. आधी झेरॉक्सवाल्याकडून यायच्या, आता चॅटजीपीटीकडून येतात, आणि मराठी इतकं गुळगुळीत की वाचतानाच कळतं. पकडापकडीत वेळ घालवू नका, संशयावरून गुण कापणं हाही अन्यायच. दहापैकी लेखनाला चार आणि त्याच लेखनावर पाच मिनिटांच्या बोलण्याला सहा ठेवा. "हा तिसरा परिच्छेद तुझ्या गावाला लागू होतो का?" एवढा एक प्रश्न पुरतो. गटानं केलेल्या प्रकल्पातही तेच. गटाला म्हणून काही गुण, बाकीचे प्रत्येकानं स्वतः काय केलं ते सांगण्याला. नाहीतर एक खपतो आणि तिघे फोटोत उभे राहतात.

दोन गोष्टी कायद्याच्या आहेत, त्या आपल्या मर्जीवर नाहीत. दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक आणि जादा वेळ देणं ही मेहेरबानी नव्हे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं यांनुसार परीक्षेच्या दर तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. अध्ययन अक्षमता हीही या कायद्याच्या यादीत आहे. कॉलेजच्या वीस गुणांच्या चाचणीलाही हाच विचार लावा, तिथं तो हमखास विसरला जातो. दुसरी गोष्ट, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा विद्यार्थ्याचा माहिती अधिकारातला हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलं. तेव्हा उद्या ही उत्तरपत्रिका मूल आणि त्याचे वडील समोर बसून पाहणार आहेत, असं समजूनच समासात लिहा. 'अपूर्ण', 'ठीक' असले शेरे काही सांगत नाहीत. 'कारण दिले, संबंध जोडला नाही' हे सांगतं.

यंत्रांवर फार भरवसा ठेवू नका, हेही जाताजाता. 2017 ला मुंबई विद्यापीठानं पुरेशा तयारीविना सगळी तपासणी संगणकाच्या पडद्यावर नेली, निकाल महिनोन् महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. स्कॅनर आला म्हणून फूटपट्टी येत नाही.

राहिलं ते उत्तरपत्रिका परत देण्याचं. चाचणीच्या उत्तरपत्रिका मुलांच्या हातात द्या, गुणविभागणी फळ्यावर लिहा आणि पंधरा मिनिटं गप्प बसा. त्यांना स्वतःचं उत्तर स्वतः तपासू द्या. सुरुवातीला मला भीती होती की साठच्या साठ भांडायला येतील. तसं होत नाही. बहुतेक जण विभागणी पाहून मान खाली घालतात आणि शेजाऱ्याला दाखवतात, "हे बघ, हे लिहायचं राहिलं." चार-पाच जण टेबलापाशी येतात. त्यांतल्या दोघा-तिघांना समजावता येतं, कारण आता "कुठले मुद्दे?" याचं उत्तर फळ्यावरच असतं. एखाद्याच्या बाबतीत चूक माझीच निघते. मग जुना आकडा वाचता येईल असा एका रेघेनं खोडायचा, शेजारी नवा लिहायचा आणि खाली सही, तारीख.